क्षमता: दहा माणसे

काही वाक्ये निरुपद्रवी चेहऱ्याने घरात शिरतात आणि मग तीन-तीन दिवस बाहेर पडत नाहीत. ‘बाबा, सहज फिरून या, आणि काही चुकीचं दिसलं तर लिहून कळवा,’ हे त्यांपैकीच एक. ते गुरुवारी दुपारी फोनवरून आले, मुलीच्या आवाजात आले, आणि एका निवृत्त लिफ्ट-तपासनिसाच्या कानात पडले. दुसऱ्या कोणाच्या कानात पडते तर त्याचे आमंत्रण झाले असते. इथे त्याचा हुकूम झाला.

मुलगी ऑनलाइन खेळ बनवणाऱ्या कंपनीत होती. तपासनिसांच्या दृष्टीने खेळ बनवणे हा व्यवसाय म्हणजे ढगांना इस्त्री करण्यासारखा होता. पण पोटची पोर करते म्हटल्यावर त्यात काहीतरी अर्थ असणारच, अशी त्यांनी मनाची समजूत घातलेली होती.

“खेळ तयार झालाय का?” त्यांनी विचारले.

“जवळजवळ. आधी आम्हीच खेळलो, मग निवडून बोलावलेले दोन-तीनशे लोक खेळले. आता उद्या सकाळपासून रविवारी संध्याकाळी सहापर्यंत दार सताड उघडं. फुकट. कोणीही या. याला ओपन बीटा म्हणतात.”

“म्हणजे ताबा द्यायच्या आधी इमारत पाहणीसाठी खुली करायची.”

“अगदी! फक्त पाहणी नाही हो बाबा, धिंगाणा. हजारो माणसं एकदम घुसली की काय काय मोडतं, ते बघायचंय आम्हाला. मोडेल ते दुरुस्त करायचं. सहा वाजता सगळं पुसून टाकायचं, आणि महिन्याभरानं खरा खेळ बाजारात.”

“पुसून म्हणजे?”

“पुसून. कोणी महाल बांधला असला तरी शून्य.” मग तिचा आवाज एक पायरी खाली उतरला. “त्यात एक मनोरा आहे, बाबा. तो माझा आहे. दोन वर्षं लागली. त्याच्या पोटातून एक लिफ्ट वर जाते. पण तिच्यात माणसं गायब होतात.”

“गायब!”

“बोलावलेल्या लोकांच्या चाचणीत चार वेळा झाली. का, ते कळत नाही. नोंदीत गायब झालेल्याचं नाव येतं, बाकी काही नाही. आम्ही बारा जण दिवसभर त्या लिफ्टमधे खालीवर करत बसलो, एकदाही झालं नाही. या तीन दिवसांत कारण सापडलं नाही तर वरिष्ठ मनोराच काढून टाकणार आहेत. तसं सांगितलंय.”

तपासनीस खुर्चीत ताठ झाले. “क्षमता किती आहे लिफ्टची?”

“क्षमता?” मुलगी हसली. “बाबा, खेळ आहे तो!”

बत्तीस वर्षांच्या नोकरीत इतके थंडगार वाक्य त्यांनी ऐकले नव्हते.

शुक्रवारी सकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून संगणकापुढे बसले. खिशात पेन, शेजारी नवी वही, वहीत पट्टीने आखलेले पाच रकाने: वेळ, स्थळ, दोष, गांभीर्य, शेरा. पडद्यावर एक सोनेरी दरवाजा उगवला, त्यामागे पहाटेचे आकाश हळूहळू पेटत गेले, आणि त्या अलौकिक प्रकाशात अक्षरे उमटली: ‘आपण रांगेत आहात. आपला क्रमांक ४१,३०६.’

रांग त्यांना नवी नव्हती. पण रांगेत पुढच्या माणसाची पाठ तरी दिसते. इथे दिसणारे काही नव्हते. ४१,३०५ माणसे एका काळोख्या बोळात एकमेकांना न दिसता उभी होती, आणि सगळ्यांच्या वतीने एक वर्तुळ गोल गोल फिरत होते. पाऊण तासात क्रमांक ३८,९४० झाला. एवढ्यात समोरच्या दाराचे बँकवाले डोकावले. ते बँकेतून निवृत्त झाले होते, सल्ल्यातून अजून व्हायचे होते.

“बंद करून पुन्हा चालू करा,” ते म्हणाले. “यंत्राला माणसासारखंच असतं. डुलकी काढून उठलं की काम करतं.”

तपासनिसांनी बंद केले. पुन्हा चालू केले. ‘आपला क्रमांक ५८,११२.’

“हं,” बँकवाले म्हणाले. “आता मात्र हात लावू नका.” आणि दूध गॅसवर असल्याचे आठवून निघून गेले.

दुपारी अडीच वाजता नाव विचारण्यात आले. ‘तपासनीस’ हे नाव आधीच कोणीतरी घेतलेले होते, ही गोष्ट त्यांना जिव्हारी लागली. या खात्यात त्यांच्याखेरीज कोणाची नेमणूक झाली असेल, असे त्यांना वाटले नव्हते. शेवटी ‘तपासनीस_निवृत्त’ मिळाले. मग चेहरा. त्यांनी सचोटीने आपल्यासारखाच माणूस घडवायला घेतला. टक्कल मिळाले, चष्मा मिळेना. पोट तर या देशात कोणालाच नव्हते. तासाभराच्या वाटाघाटीनंतर जो सिद्ध झाला तो सात फूट उंच, निळसर कांतीचा, लांब कानांचा आणि अतिशय दुःखी डोळ्यांचा होता. डोळे मात्र हुबेहूब जमले होते.

“अय्या, आत्ता येताय?” मागून बायकोचा आवाज आला. ती शेजारच्या खोलीत मुलीचा जुना लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेली होती. “मी सकाळी भाजी फोडणीला टाकण्याआधीच लावून ठेवलं होतं. अकराव्या पातळीवर आहे मी. चाळीस लांडगे मारले.”

“तू?”

“मग काय! नाव वाघीण. कुऱ्हाड आहे माझ्याकडे. तुमचं जेवण झाकून ठेवलंय.”

आणि मग ते आत गेले.

ते नगर ढगांवर तरंगत होते. त्याच्या रस्त्यांना कडा होत्या आणि कडांपलीकडे नुसते निळे, अथांग, कोणाचेही नसलेले आकाश. घरांच्या छपरांवरून पाणी वाहत होते आणि खाली पडण्याआधीच पक्षी होत होते. कोणी कविमनाचा माणूस असता तर तिथे गुडघे टेकता. तपासनिसांनी वही उघडली आणि लिहिले: ‘दु. ३.४०. मुख्य पूल. कठडा नाही. गांभीर्य: अति.’ पुलावरून शेकडो माणसे आनंदाने किंचाळत स्वतःहून खाली उड्या मारत होती आणि क्षणात दुसऱ्या टोकाला पुन्हा जन्म घेत होती. शेरा या रकान्यात त्यांनी लिहिले: ‘जनतेत जागृतीचा अभाव.’

पुढे मनोरा दिसला. तो पाहून मात्र पेन थांबले. पांढराशुभ्र, किंचित वळलेला, जणू कोणी आकाशाला विचारलेला प्रश्न. त्याच्या दाराच्या कमानीवर बारीक पाने कोरली होती, आणि प्रत्येक पान निराळे होते. लहानपणी मुलगी अशीच पाने काढत बसायची आणि ते म्हणायचे, ‘एकच काढून बाकीची छापावी गं.’ त्यांनी चष्मा काढून पुसला. मग आत गेले, पितळी जाळीची ती सुंदर लिफ्ट पाहिली, आणि त्यांच्यातला बाप हळूच बाजूला झाला. क्षमता लिहिलेला फलक नव्हता. धोक्याची घंटा नव्हती. आणि चिलखते घातलेले, ढाली-भाले घेतलेले वीस-वीस गडी त्या पिंजऱ्यात कोंबून घेत होते.

त्यांनी पावलांनी जमीन मोजली, दरडोई वजन चिलखतासकट धरले, भागाकार केला. दहा. मग ते लिफ्टच्या दारात उभे राहिले, माइक सुरू केला आणि बत्तीस वर्षे ज्या आवाजापुढे भले भले बिल्डर खाली बसले होते त्या आवाजात म्हणाले, “थांबा! एका वेळी दहाच.”

“कोण रे हा?” एक लाल केसांचा योद्धा म्हणाला. “बाजूला हो, निळ्या.”

“निळा असेन, पण तुझ्या वडिलांच्या वयाचा आहे. दहा झाले. अकरावा बाहेर.”

आता हे सांगूनही खरे वाटणार नाही. पण माणसाच्या मनात खोल कुठेतरी रांगेची एक आदिम ओढ असते. प्रथम हसले, मग शिव्या दिल्या, मग कोणीतरी सहज मागे उभा राहिला, त्याच्यामागे दुसरा. आणि संध्याकाळपर्यंत त्या मनोऱ्यापासून पुलापर्यंत राक्षस, पऱ्या, धनुर्धारी आणि एक बोलणारे अस्वल अशी शिस्तबद्ध रांग लागली होती. लोक लांबून लांबून ती बघायला येऊ लागले. त्यांना ‘लिफ्टकाका’ म्हणू लागले. शनिवारी सकाळी एका परीने त्यांना फुले वाहिली.

त्यांनी दोषांची यादी कळवलीही. तक्रारीच्या चौकटीत पाचशे अक्षरांची मर्यादा होती. ‘सविनय सादर’ आणि संदर्भ यांतच तीनशे जात. म्हणून त्यांनी आपला अहवाल तेवीस भागांत पाठवला, प्रत्येकावर ‘पुढील पानावर चालू’ असे लिहून. उत्तर तत्परतेने आले: ‘आपले अभिप्राय आम्हाला मोलाचे आहेत.’ तेवीस वेळा आले.

शनिवारी दुपारी अडीच वाजता मात्र पडदा काळा झाला. ‘इतर खेळाडूंच्या आनंदात व्यत्यय आणल्याच्या तक्रारींवरून आपले अकाउंट स्थगित करण्यात येत आहे.’

स्थगित! ज्याने आयुष्यभर इतरांच्या लिफ्ट स्थगित केल्या, त्याला! बँकवाले धावत आले. दुःखात ते नेहमीच वेळेवर पोचत.

“अपील करा,” ते म्हणाले. “खाली बारीक अक्षरात आहे बघा.”

अपिलाआधी माणूस असल्याचे सिद्ध करायचे होते. नऊ चित्रे आली. ‘ज्या चित्रांत जिने आहेत ती निवडा.’

“ही तीन,” बँकवाले म्हणाले.

“दोनच. तिसऱ्याला कठडा नाही.”

“अहो, पायऱ्या दिसतायत की!”

“कठडा नसेल तर तो जिना नव्हे. त्याला अपघात म्हणतात.” त्यांनी दोनच निवडली. ‘आपण माणूस असल्याची खात्री पटली नाही. पुन्हा प्रयत्न करा.’ पुढच्या नऊ चित्रांत एकही कठडा धड नव्हता. त्यांनी एकही निवडले नाही. यंत्र अधिकच साशंक झाले.

“मनाला लावून घेऊ नका,” बँकवाले त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. “मीसुद्धा समोर बसलेल्या माणसाकडे तो जिवंत असल्याचा दाखला मागत असे.”

दोन तास हा तत्त्वसंघर्ष चालला. शेवटी तपासनीस पाणी प्यायला उठले असता बँकवाल्यांनी पटकन तिसरे चित्र दाबले, आणि एका गैरमार्गाने का होईना, तपासनीस माणसांत आले. साडेचारला अकाउंट परत मिळाले. मनोऱ्याशी पाहतात तो रांगेचा चुथडा झालेला. ते फक्त दारात उभे राहिले. पाच मिनिटांत रांग लागली.

रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

“बाबा,” मुलगी म्हणाली. तिचा आवाज रडून रडून कोरडा झालेल्या माणसाचा होता. “मला एक सांगा. तुम्ही लिफ्टच्या दारात उभे आहात का?”

“अर्थात!” त्यांचा ऊर भरून आला. निदान वर कोणाला तरी दखल घ्यावीशी वाटली. “शुक्रवारपासून. जेवायला उठतो तेव्हा अस्वल उभं राहतं.”



“शुक्रवारी सकाळपासून दुपारपर्यंत साठ माणसं गायब झाली,” ती सावकाश म्हणाली. “तुम्ही आलात, तेव्हापासून एक नाही. काल दुपारी अडीच ते साडेचार, बेचाळीस. मग पुन्हा शून्य. मी काल रात्रभर डोकं फोडून घेतलं, की दोष आपला आपण बरा कसा झाला? आणि आत्ता नोंदींत बघते तर एक खेळाडू तीन दिवस एकाच फरशीवर उभा! नाव वाचलं आणि...” ती हसली की रडली, कळले नाही. “बाबा, तुम्ही माझा दोष लपवून ठेवलात हो!”

“लपवला? अगं, टाळला!”

“टाळायचा नव्हता! मोडायला बोलावलं होतं लोकांना! दोष गर्दीत आहे, हे तुमच्यामुळेच कळलं मला. पण कितीव्या माणसाला, ते दिसायला हवं. आम्ही बाराच आहोत इथे. सहा वाजता सर्व्हर बंद. त्याआधी आकडा नाही मिळाला तर मनोरा गेला. बाबा, लिफ्ट भरा. भरभरून भरा.”

एखाद्या आजन्म शाकाहाऱ्याला खाटकाच्या ठोकळ्यापाशी उभे करावे, तशी तपासनिसांची अवस्था झाली.

“मला जमायचं नाही, बाळा.”

“अहो,” बायको शेजारच्या खोलीतून म्हणाली, “पोरीची दोन वर्षं आहेत ती. आणि कोण मरणार आहे तिथे? चला, उठा. म्हणजे बसा.”

त्यांनी माइक सुरू केला. घसा खाकरला. “मंडळी,” ते म्हणाले, “आत या. सगळे या. अजून... अजून जागा आहे.”

रांग हलली नाही.

“काका?” अस्वल म्हणाले. “दहा झाले की.”

“झाले तरी या.”

“तुम्हीच म्हणालात ना, नियम म्हणजे नियम?”

“ए, हा आपला काका नाही,” लाल केसांचा योद्धा ओरडला. दोन दिवसांपूर्वी निळ्या म्हणणारा तो आता रांगेचा सर्वांत कडवा रक्षक झाला होता. “खरा काका मेला तरी असं बोलणार नाही! कोणीतरी अकाउंट चोरलंय! तक्रार करा रे!”

परी हुंदके देऊ लागली. चोहीकडून भाले रोखले गेले. तपासनिसांनी विनवले, समजावले, आपली ओळख पटवण्यासाठी लिफ्टच्या दोरांचे सुरक्षा गुणांक तोंडपाठ म्हणून दाखवले. त्यावर मागून एकजण म्हणाला, “चोर अभ्यास करून आलाय.” घड्याळात पाच वाजून सतरा मिनिटे झाली, मग एकतीस झाली. फोनवर मुलीचा फक्त श्वास ऐकू येत होता, आणि तो त्यांनी ओळखला: परीक्षेचा निकाल लागायच्या दिवशी ती असाच श्वास घ्यायची, मोजून.

मग ते सात फुटी, निळसर, दुःखी डोळ्यांचे गृहस्थ वळले. लिफ्टमधे दहा माणसे उभी होती. त्यांनी उंबऱ्याशी क्षणभर पाय थांबवला, आणि आत पाऊल टाकले.

“अकरा,” ते म्हणाले.

रांगेतून एक सुस्कारा गेला, गव्हाच्या शेतावरून वारा जावा तसा.

“मी इथे उभा राहिलो, तुम्हाला अडवलं, ते कोणी पडू नये म्हणून,” ते म्हणाले. “पण हा मनोरा माझ्या मुलीनं बांधलाय. दारावरचं पान अन् पान तिनं वेगळं काढलंय. ही लिफ्ट कधी मोडते ते आज कळलं नाही तर उद्या मनोराच राहणार नाही. मी चोर असतो तर सांगितलं असतं, मजा आहे, या. मी सांगतो, धोका आहे. या.”

अस्वल पुढे झाले. “बारा,” तपासनीस म्हणाले, आणि बायकोला ओरडून सांगितले, “लिहून घे!” परी, तेरा. धनुर्धारी जुळे, चौदा-पंधरा. लाल केसांचा योद्धा नाक ओढत आला. सोळा. जाळी बंद झाली. लिफ्ट हलली, वर गेली, खाली आली. काही झाले नाही. पुन्हा गेली, पुन्हा आली. सोळा माणसे शाबूत.

पाच सत्तेचाळीस. कठीण प्रसंगी माणसाचे मन किती नादान असते! मनोरा हातचा जात होता, आणि तपासनिसांच्या पोटात अभिमानाची एक गुदगुली उठली: काय मजबूत केली आहे पोरीने!

“सरका हो जरा,” मागून आवाज आला. वाघीण कुऱ्हाड सावरीत, कोपरे मारीत आत शिरली. “सगळीकडे मेलं मला बाहेर उभं करून ठेवायचं. सतरा!”

लिफ्ट हलली, आणि जमीन नाहीशी झाली.

आवाज झाला नाही, काही तुटले नाही. पायाखाली जे होते ते एकाएकी नव्हते, इतकेच. सतरा माणसे निळ्या आकाशातून खाली निघाली. मनोरा वर वर गेला, बोटाएवढा झाला, ठिपका झाला. वारा सुटला होता. अस्वल गरागरा फिरत होते, परी खिदळत होती, जुळ्यांनी एकमेकांचे हात धरले होते.

“बाबा!” फोन किंचाळला. “सतरा! दिसलं! सोळा जणांचीच जमीन आहे तिथे, सतराव्याला ती पुरतच नाही! दिसलं मला!”

“एका चाचणीवर निष्कर्ष काढू नये,” तपासनीस पडता पडता म्हणाले. “तीनदा घ्यावी लागते.”

मग तीनदा झाली. तेरा मिनिटांत नगरातला एकूण एक जीव मनोऱ्यापाशी लोटला. “आम्हालाही पाडा, काका!” असा एकच गलका उठला. सतरा भरत, सतरा पडत, पुन्हा जन्म घेऊन धावत येत. तिसरी चाचणी झाली, चौथीला कोणी कारण विचारले नाही. सहाव्या वेळी तपासनीस उताणे पडत होते. बायको शेजारून, पदराऐवजी कुऱ्हाड कमरेला खोचून, पडत होती. वाटेत तिने विचारले, “बरं वाटतंय ना?” आणि ते उत्तर देणार इतक्यात सहा वाजले. आकाश, माणसे, मनोरा, सगळे एकदम मावळले.

काळ्या पडद्यापुढे फोन तेवढा बोलत होता. “बाबा, सापडल्यावर दुरुस्ती दोन ओळींची निघाली. मनोरा राहिला! वरिष्ठांनी आत्ता माझ्यासमोर यादीतून खोडलं. ऐकताय ना? बाबा?”

तपासनीस उठले होते आणि टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे होते. खोली अजून संथपणे वर सरकत होती. बायको आतून आली, पदर नीट करीत. गाल लाल झालेले, केस विस्कटलेले.

“काय झालं हो? बोला की तिच्याशी. असे का उभे?”

“काही नाही,” ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर बत्तीस वर्षांत कोणी न पाहिलेले एक बेजबाबदार हसू पसरत गेले. “तिला म्हणावं, थांब जरा. अजून पोचलो नाही.”